कॅरिझोचा कोठारी

हे पुस्तक एका उंदराविषयी आहे. मराठीत उंदराविषयी जे लिहिले जाते ते बहुतेक त्याला मारण्याच्या उपायांविषयी असते. कृषी मासिकांतून, सरकारी माहितीपत्रकांतून, बी-बियाण्याच्या दुकानातल्या तक्त्यांतून. त्यामुळे एखादा उंदीर जगावा म्हणून माणसे आयुष्य वेचतात, त्याच्यासाठी कोर्टात जातात, सरकार त्याच्यासाठी जमीन राखून ठेवते, हे आपल्या वाचकाला पहिल्यांदा ऐकताना पटणार नाही. लेखिकेला याची जाणीव आहे आणि तिने तो अविश्वास गृहीत धरूनच लिहिले आहे. माझे काम एवढेच, की वाचक पहिल्या प्रकरणात शिरण्याआधी त्याला मुलखाची थोडी ओळख व्हावी: हा प्राणी कोण, त्याच्याविषयी आजवर कोणी काय शोधले, अभ्यासकांचे कुठे पटत नाही, आणि हे सगळे आता मराठीत का यायला हवे.

कॅलिफोर्नियाच्या मधोमध सॅन वाकीनचे लांबलचक खोरे आहे. त्या खोऱ्याच्या नैर्ऋत्य कडेला, टेंब्लर आणि कॅलिएंटे या दोन डोंगररांगांच्या मधे, कॅरिझोचे मैदान पसरले आहे. पाऊस वर्षाकाठी २०-२५ सेंटिमीटरच्या आसपास, तोही सगळा हिवाळ्यात. काही वर्षी त्याहून कितीतरी कमी. मैदानाच्या पूर्व कडेने सॅन अँड्रियास हा भूकंपांसाठी जगप्रसिद्ध असलेला प्रस्तरभंग जातो. मध्ये सोडा लेक नावाचे खारे तळे आहे, त्याचा उन्हाळ्यात पांढरा पापुद्रा उरतो. दक्षिणेकडे पेंटेड रॉक हा खडक आहे, त्यावर तिथल्या मूळ रहिवाशांनी, चुमाश लोकांनी, काढलेली चित्रे आहेत. १९०४ साली सी. हार्ट मेरियम या प्राणिशास्त्रज्ञांनी याच खडकाजवळ मिळालेल्या नमुन्यावरून महाकाय कांगारू उंदराचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. सॅन वाकीनची पश्चिम कड आणि तिला लागून असलेली काही कोरडी खोरी सोडली तर हा प्राणी जगात दुसरीकडे कुठेही नाही.

महाकाय म्हणजे केवढा? वजन दीडशे ग्रॅमच्या आगेमागे, शेपटीसकट लांबी फूटभर किंवा थोडी अधिक. डायपोडोमिस या त्याच्या प्रजातिगटात वीसेक जाती आहेत, त्या सगळ्यांत हा मोठा, म्हणून महाकाय. कांगारूशी त्याचे काही नाते नाही. आपल्या घरातल्या उंदराशीही फार लांबचे. बीव्हर आणि अमेरिकेतले बिळकरी गोफर हे त्याचे जवळचे सोयरे. मागचे पाय लांब आणि दणकट, पुढचे इवलेसे, शेपटी धडापेक्षा लांब आणि टोकाला गोंडेदार. गालांच्या बाहेरच्या अंगाला केसाळ पिशव्या असतात, बिया तोंडात ओल्या न होता त्यांतून नेता येतात. आणि कवटीच्या मागच्या भागात कानाच्या पोकळ्या इतक्या मोठ्या असतात की डोक्याचा आकारच त्यांनी ठरवला आहे.

या प्राण्याची खरी ओळख मात्र त्याच्या अंगापेक्षा त्याच्या आवारात होते. प्रत्येक उंदीर एकटा राहतो आणि काही मीटर व्यासाच्या एका गोल आवाराचा मालक असतो. आवाराखाली बिळांचे जाळे, त्याची काही दारे तिरकी, काही थेट उभी खाली उतरणारी. वसंत सरता सरता मैदानातले गवत पिकू लागले की त्याची सुगी सुरू होते. पिकलेली कणसे आणि शेंगा तो दातांनी कापून आणतो. ओले बी थेट जमिनीखाली कोंडले तर त्याला बुरशी लागते, म्हणून तो आधी आवारात इंचभर खोलीचे लहान लहान खड्डे करून त्यांत ते भरतो आणि वर मातीचा पातळ थर देतो. चांगल्या वर्षी उघड्यावर गवताची चक्क गंजीच रचतो. आपल्याकडे चैत्र-वैशाखात गच्चीवर वाळवणे घालतात तसे ते बी उन्हात काही आठवडे सुकते. मग सुकलेले धान्य खाली पेवात जाते. जोसेफ ग्रिनेल यांनी १९३२ साली आणि विल्यम शॉ यांनी १९३४ साली हे सगळे बारकाईने नोंदवून ठेवले आहे. ही नोंद वाचताना मला नेहमी एका गोष्टीचे नवल वाटते: एवढा उद्योग करणारा हा प्राणी रात्रीतून जेमतेम पंधरा-वीस मिनिटे जमिनीवर असतो. बाकी सारा वेळ खाली. वर घुबड आहे, कोल्हा आहे, रॅटलस्नेक आहे. वर काढलेल्या प्रत्येक मिनिटाची किंमत आहे.

ग्रिनेल यांचे नाव आले आहे तर या विद्येचा इतिहास तिथूनच सांगावा. ॲनी अलेक्झांडर या निसर्गप्रेमी धनवंत बाईंनी १९०८ साली बर्कली विद्यापीठात पृष्ठवंशीय प्राण्यांचे संग्रहालय उभे केले आणि तरुण ग्रिनेल यांना त्याचे संचालक नेमले. कॅलिफोर्निया झपाट्याने बदलते आहे, शंभर वर्षांनी येणाऱ्या अभ्यासकाला आज इथे काय होते ते कळले पाहिजे, या एका निष्ठेने त्यांनी राज्यभर नमुने, छायाचित्रे आणि रोजनिशा गोळा केल्या. १९२२ साली त्यांनी कॅलिफोर्नियातल्या सगळ्या कांगारू उंदरांचा भौगोलिक आढावा लिहिला. कोणती जात कोणत्या मातीत, कोणत्या झुडपात, कोणत्या उंचीवर, हा त्यांचा प्रश्न. या पहिल्या पिढीला आपण स्थलवर्णनाची परंपरा म्हणू. आज हा उंदीर पूर्वी कुठवर होता असे जेव्हा न्यायालयात किंवा खात्यात विचारले जाते, तेव्हा उत्तर त्याच रोजनिशांतून काढावे लागते.

दुसरी परंपरा शरीरक्रियेची. तिच्यामुळेच कांगारू उंदीर जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेला. नूट आणि बोडिल श्मिट-नील्सन हे स्कँडिनेव्हियातून अमेरिकेत आलेले दांपत्य १९४०च्या दशकाच्या अखेरीस ॲरिझोनात टूसॉनजवळच्या वाळवंटी भागात मेरियमचा कांगारू उंदीर या दुसऱ्या, लहान जातीवर काम करू लागले. कोरड्या सातूवर, पाण्याचा थेंबही न पिता, हे उंदीर वजन राखून होते. पाणी येते कुठून? अन्न शरीरात जळताना तयार होते त्यातून; एक ग्रॅम पिठूळ पदार्थ जळला की अर्ध्या ग्रॅमहून थोडे अधिक पाणी मिळते. मग कसोटी उरते ती हे पाणी न दवडण्याची. मूत्रपिंड माणसाच्या साधारण चौपट दाट लघवी करते. श्वास बाहेर पडताना नाकाच्या गार पोकळीत त्यातली वाफ पुन्हा पाणी होऊन थांबते. उन्हाच्या वेळी प्राणी बिळात असतो, तिथली हवा बाहेरच्यापेक्षा दमट. या दांपत्याचा एक प्रयोग लेखिकेने फार नेटका मांडला आहे. त्यांनी उंदरांना कोरडे सोयाबीन दिले. त्यातले प्रथिन जास्त, म्हणजे बाहेर टाकायचा युरिया जास्त, म्हणजे पाणी कमी पडणार हे ठरलेले. मग त्यांच्यापुढे समुद्राचे पाणी ठेवले. उंदरांनी ते प्यायले आणि ते जगले. प्रयोगशाळेतले पांढरे उंदीर तसे जगू शकले नाहीत. बोडिलबाई पुढे १९७५ साली अमेरिकन फिजिऑलॉजिकल सोसायटीच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या.

ही गोष्ट इतकी देखणी आहे की अर्धशतक कोणी तिला हात लावला नाही. २०००च्या सुमारास ट्रेसी आणि वॉल्सबर्ग या अभ्यासकांनी सोनोरन वाळवंटातल्या उन्हाळ्यात मोजमापे पुन्हा घेतली आणि दाखवले की तिथली बिळे समजली होती तितकी गार नसतात, आणि निव्वळ कोरड्या बियांवर कडक उन्हाळा निभत नाही. हिरवा पाला आणि किडे यांचाही आधार लागतो. जुना सिद्धान्त कोसळला असे नाही, पण त्याच्या सीमा आखल्या गेल्या. संरक्षणाच्या दृष्टीने याला फार महत्त्व आहे. पाण्यावाचून जगणारा प्राणी दुष्काळाला भीत नसेल, असा एक भाबडा समज त्या पाठ्यपुस्तकांतून पसरला होता. त्याचे काय झाले ते पुढे येतेच.

वर्तनाचा अभ्यास करणारे तिसरे घराणे कानांपासून सुरू होते. त्या प्रचंड पोकळ्या कशासाठी? १९६०च्या दशकात डग्लस वेबस्टर यांनी दाखवले की कांगारू उंदराचा कान खालच्या पट्टीतल्या आवाजांना विलक्षण तिखट असतो, आणि घुबडाच्या झडपेतून किंवा सापाच्या हल्ल्यातून निसटणारा तो पुसटसा आवाजच त्याला वाचवतो. अलीकडे वेगवान कॅमेऱ्यांनी हेच दिसले. ॲरिझोनाच्या वाळूत साइडवाइंडर रॅटलस्नेक झेप घेतो, आणि सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्याही आत उंदीर हवेत असतो. काही वेळा हवेतच मागच्या पायांनी सापाला लाथ मारून दूर ढकलतो. पायांचा दुसरा उपयोग जॅन रँडल यांनी आयुष्यभर अभ्यासला: हे उंदीर मागच्या पायांनी जमीन बडवतात. महाकाय कांगारू उंदीर सलग शंभरावर ठोक्यांची फैर झाडू शकतो. बॅनरटेल या त्याच्या नातलगात प्रत्येक उंदराचा ठेका वेगळा असतो आणि शेजारी तो ओळखतात. सापापुढे वाजवलेला ठेका सापालाच कळवतो की तुला पाहिले आहे, आता दबा धरून उपयोग नाही. एकट्याने राहणारा, दुसऱ्याला आवारात पाऊल टाकू न देणारा हा प्राणी आपल्या शेजाऱ्यांना ओळखतो, ही रँडल यांच्या कामातून आलेली जाण मला या साऱ्या विद्येतली सर्वांत मोलाची वाटते. पुढे त्यावर शेकडो उंदरांचे जगणे-मरणे ठरले.

चौथे घराणे उंदराकडून जमिनीकडे वळले. १९७७ साली जेम्स ब्राउन यांनी ॲरिझोनात पोर्टल या गावाजवळ २० हेक्टर जागेत २४ कुंपणबंद तुकडे आखले. काही तुकड्यांच्या जाळीला अशी दारे ठेवली की लहान उंदीर आत जाऊ शकतील, कांगारू उंदीर मात्र नाही. बारा वर्षांनी ब्राउन आणि हेस्के यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला: कांगारू उंदीर नसलेल्या तुकड्यांत झुडपी वाळवंटाचे गवताळ रान होऊ लागले होते. बिया खाणारे, माती उकरणारे दोन-तीन जातींचे प्राणी वजा केले आणि मुलखाचा चेहरा बदलला. या शोधाने कांगारू उंदराला परिसंस्थेचा आधारस्तंभ ही पदवी मिळाली. पण पोर्टलचा प्रयोग थांबला नाही, आणि म्हणूनच तो मोठा. १९९०च्या दशकाच्या मध्यावर बेलीचा पॉकेट माऊस नावाचा दुसरा एक बियाखाऊ त्या भागात आपणहून आला आणि मोकळ्या तुकड्यांत स्थिरावला. गेलेल्यांच्या वाटणीचे अन्न त्याने बऱ्याच अंशी वापरायला सुरुवात केली. अर्नेस्ट आणि ब्राउन यांनी हे २००१ साली मांडले. आधारस्तंभाची जागा कोणी भरू शकते का, या प्रश्नाचे उत्तर असे वीस वर्षांनी, तेही अर्धवट मिळाले. तीन वर्षांच्या अनुदानावर चालणाऱ्या संशोधनाला ते कधीच मिळाले नसते.

कॅरिझोत हाच प्रश्न महाकाय उंदराविषयी विचारला गेला. लॉरा प्रू आणि जस्टिन ब्रॅशेअर्स यांनी २००७ पासून तिथे कुंपणे घालून उंदीर आणि गुरे या दोघांचे परिणाम वेगवेगळे मोजायला सुरुवात केली. आवारांवरची माती जास्त कसदार असते. म्हणून पावसानंतर विमानातून पाहिले तर मैदानावर हिरव्या गोलांची नक्षी दिसते, आणि त्या गोलांवरून उंदरांची वस्ती मोजताही येते. त्यांच्या बिळांत सॅन वाकीन मृगखार आणि बोथट नाकाचा लेपर्ड सरडा आसरा घेतात. सॅन वाकीन किट फॉक्स हा लहानखुरा कोल्हा त्यांच्यावर जगतो. यांतला सरडा आणि कोल्हा केंद्राच्या संकटग्रस्त यादीत आहेत, खार राज्याच्या संरक्षित यादीत. कॅलिफोर्निया ज्वेलफ्लॉवर हे दुर्मीळ फुलझाडही त्यांच्या आवारांवर वाढलेले सापडते. एक उंदीर गेला की त्याच्या मागोमाग ही सगळी पंगत उठते.

इथे लेखिकेने एक अडचण लपवलेली नाही, याबद्दल तिचे आभार. पॉला शिफमन यांनी १९९४ साली दाखवले की उंदराने उकरलेल्या मातीत परदेशी तणेही जोमाने वाढतात. स्पॅनिश वसाहतीच्या काळापासून भूमध्य सागराकडचे गवत आणि इरोडियमसारखी तणे कॅलिफोर्नियात पसरली, आणि उंदीर आज बऱ्याच अंशी त्यांच्याच बिया साठवतो. म्हणजे एका देशी संकटग्रस्त प्राण्याचा संसार परक्या गवतावर चालला आहे. त्यातच भर पावसाच्या वर्षी ते गवत इतके दाट माजते की उड्या मारत फिरणाऱ्या उंदराला वाट राहत नाही. मग गुरे सोडून गवत कमी करावे की नाही? जर्मानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ठामपणे लिहिले, की या मैदानांत चराई हा दुर्मीळ प्राण्यांच्या संरक्षणाचा मार्ग आहे. दुसरी बाजू म्हणते की कोरड्या वर्षी गुरे उंदराच्याच तोंडचा घास काढून घेतात. कुंपणांच्या प्रयोगातून दिसते ते असे, की उत्तर पावसावर अवलंबून आहे. माझ्या मते या विषयातला सर्वांत जिवंत वाद हाच आहे आणि वाचकाने त्यावरची प्रकरणे सावकाश वाचावीत.

ऱ्हासाची कहाणी मात्र गुंतागुंतीची नाही. तिच्यात आपलाही थोडा हात आहे. दिवाळीला सुक्या मेव्याच्या डब्यात येणारा बदाम पुष्कळदा कॅलिफोर्नियाचा असतो. त्या बदामाच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक आपला देश आहे. तो जिथे पिकतो त्या सॅन वाकीन खोऱ्याच्या पश्चिम कडेची जमीन पाण्याअभावी पडून होती तोवर उंदराची होती. सरकारी कालवे आले, १९६०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्निया ॲक्विडक्टचे पाणी दक्षिणेपर्यंत पोचले, आणि काही वर्षांत नांगर फिरला. उरलेल्या रानात खारींच्या बंदोबस्तासाठी विष लावलेले धान्य टाकले गेले, काही ठिकाणी विमानातून. बी साठवणाऱ्या प्राण्यापुढे विषारी बी टाकल्यावर काय होणार ते सांगायला नको. तो ते जागीच खाऊन मरत नाही; पेवात नेऊन ठेवतो. १९९०च्या दशकात डॅनियल विल्यम्स यांच्या पाहण्यांवर आधारलेला अंदाज असा होता, की मूळ मुलखाचा २ टक्क्यांच्या आसपासच भाग त्याच्याकडे उरला आहे. राज्य सरकारने १९८० साली आणि केंद्राने १९८७ साली त्याला संकटग्रस्त ठरवले. आज त्याची वस्ती दोन मुख्य भागांत आहे: दक्षिणेत कॅरिझो आणि त्याच्या भोवतालचा प्रदेश, उत्तरेत पनोचे खोऱ्याच्या बाजूचे विखुरलेले तुकडे. मधे शेते, तेलविहिरी आणि रस्ते.

हा उंदीर वाचला याचे एक कारण योगायोगाचे आहे. कॅरिझोत कालवा पोचला नाही. तिथे पावसाच्या भरवशावर गहू झाला, मग परवडेनासा झाला. १९६०च्या दशकात उत्तर भागात घरांसाठी अडीच-अडीच एकरांचे हजारो प्लॉट पाडले गेले, ते बहुतांश रिकामेच राहिले. सोडलेल्या शेतांवर उंदीर आपणहून परतला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस नेचर कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने तिथली मोठी जमीन विकत घेतली, आणि जानेवारी २००१ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी दोन लाख एकरांहून अधिक क्षेत्र राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केले. नांगर थांबला तर हा प्राणी परत येतो, हे कॅरिझोने सिद्ध केले. अशी खात्री फार थोड्या संकटग्रस्त प्राण्यांबाबत देता येते.

कायद्याने वाचवण्याचा मार्ग सरळ नव्हता. १९९४ साली कर्न काउंटीत टिप्टन कांगारू उंदीर या दुसऱ्या एका नातलगाच्या अधिवासात नांगरट केल्याबद्दल केंद्राच्या अधिकाऱ्यांनी एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर जप्त केला. उंदीर मोठा की माणूस, असा प्रश्न देशभर गाजला. पुढे आरोप मागे घेतले गेले. त्याआधी १९९३ साली रिव्हरसाइड काउंटीतल्या वणव्यात घरे जळाली, तेव्हा स्टीफन्सचा कांगारू उंदीर या आणखी एका नातलगासाठी घातलेल्या निर्बंधांमुळे लोकांना घराभोवतालचे गवत नांगरता आले नाही, असा आरोप झाला. संसदेच्या लेखापाल कार्यालयाने चौकशी करून तो आरोप टिकत नसल्याचे सांगितले, पण बोलबाला आरोपाचाच झाला. लेखिकेने शेतकऱ्यांची बाजू सहानुभूतीने मांडली आहे. नियम समजेल अशा भाषेत न सांगता थेट जप्ती करणारे प्रशासन प्राण्याचे शत्रूच वाढवते.

नातलगांची हालहवालही वाचकाला माहीत असावी. मोरो बे कांगारू उंदीर रानात १९८६ नंतर दिसला नाही, आणि बंदिवासातला शेवटचा १९९३ मध्ये मेला. मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियातला सॅन किंतिन कांगारू उंदीरही १९८६ नंतर कोणाला सापडला नव्हता. तो २०१७ साली, पूर्वी पिकाखाली असलेल्या जमिनीच्या परिसरात, जिवंत मिळाला. आणि स्टीफन्सचा उंदीर २०२२ साली 'संकटग्रस्त' या वर्गातून 'धोक्यात असलेला' या खालच्या वर्गात आला. त्याच्या बाबतीतच डेब्रा शायर यांनी रँडल यांची जाण कामाला लावली. एका जागेवरून हलवलेले उंदीर नव्या जागी सोडायचे, पण पूर्वीचे शेजारी शेजारीच ठेवून. २०१२ साली शायर आणि स्वेसगुड यांनी प्रसिद्ध केले, की असे उंदीर कमी भांडले, जास्त वेळ चरले, जास्त जगले आणि त्यांना पिल्लेही जास्त झाली. हे समजण्याआधी ठिकठिकाणी उंदीर पकडून मिळेल त्या जागी सोडले जात, आणि ते का मरतात याचा पत्ता लागत नसे.

आता आजच्या निकडीकडे येऊ. २०१२ पासून कॅलिफोर्नियात जो भीषण दुष्काळ पडला त्यात कॅरिझोतला महाकाय उंदीर झपाट्याने घटला. पेवे रिती झाली की पाण्यावाचून जगण्याची ती सारी किमया निरुपयोगी ठरते, कारण त्याचे पाणी बियांतच असते. प्रू आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली शेकडो जातींचा हिशेब मांडला: फटका आधी वनस्पतींना बसला, मग बिया खाणाऱ्यांना, मग त्यांच्यावर जगणाऱ्या शिकाऱ्यांना, एकेका पायरीवर उशिरा. विशेष म्हणजे एरवी दबून राहिलेल्या काही जाती त्याच काळात वाढल्या. पाऊस परतला आणि उंदीरही सावरला. हे चढउतार या प्राण्याच्या जगण्यातच आहेत. त्याला ओसरायला आणि पुन्हा पसरायला जागा हवी. वाढीच्या वर्षी मोजणी करून निर्धास्त होणे आणि घटीच्या वर्षी ओरड करणे, दोन्ही व्यर्थ. प्राण्यांची डोकी मोजण्याऐवजी जमीन मोजा, हे या पुस्तकाचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे.

त्या जमिनीवर नवे दावेदार आले आहेत. २०१०च्या दशकात कॅरिझोच्या उत्तर भागात टोपाझ आणि कॅलिफोर्निया व्हॅली सोलर रँच हे दोन प्रचंड सौरप्रकल्प उभे राहिले, पनोचे खोऱ्यातही एक आला. हवामानासाठी जी वीज हवी तीच या प्राण्याच्या माथ्यावर येऊन बसते. कोल्ह्यांना जाता येईल अशी कुंपणे, राखीव पट्टे, स्थलांतर असे उपाय झाले. लेखिका त्यांची बाजू मला वाटते त्यापेक्षा अधिक आशेने मांडते. थारच्या वाळवंटात माळढोकाच्या मुलखातून विजेच्या तारा गेल्यावर आपल्याकडेही हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. सोलापूर-अहिल्यानगरकडची माळराने आपण सातबारावर पडीक लिहून मोकळे होतो, आणि मग तिथे काहीही आणायला हरकत नाही असे धरतो. जोधपूरला ईश्वर प्रकाश यांनी थारमधल्या जरबिलांवर, तिथल्या कृंतकांवर अनेक दशके काम करून ठेवले आहे. ते काम मराठी अभ्यासकांनी कॅरिझोच्या शेजारी ठेवून वाचावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. सोलापूरजवळच्या नन्नजच्या माळावर कोणते उंदीर आहेत, ते कोणाच्या बिया खातात, त्यांच्या बिळांत कोण राहते, हे विचारायला कोणाची परवानगी लागत नाही.

पुस्तकाच्या रचनेविषयी थोडे. लेखिकेने प्राणी, शास्त्रज्ञ आणि शेतकरी असे कप्पे केलेले नाहीत. एकाच आवारापासून सुरुवात करून ती वर्तुळ मोठे करत जाते: बीळ, शेजार, मैदान, खोरे, कायदा. त्यामुळे नव्या वाचकाला काही नावे पुन्हा पुन्हा भेटतील. त्याचा त्रास होऊ नये. आकडे तिने जपून वापरले आहेत, आणि जिथे दोन अभ्यासांचे जुळत नाही तिथे तसे सांगितले आहे. छायाचित्रांपेक्षा नकाशांना जास्त पाने दिली आहेत, ती उलटून पुढे जाऊ नये. विशेषतः शेवटचा नकाशा पाहावा. कॅलिफोर्नियाने २०१४ साली भूजलाच्या उपशावर मर्यादा घालणारा कायदा केला. पब्लिक पॉलिसी इन्स्टिट्यूट ऑफ कॅलिफोर्निया या अभ्याससंस्थेचा अंदाज आहे, की त्यामुळे २०४० पर्यंत सॅन वाकीन खोऱ्यातली किमान ५ लाख एकर शेती बंद करावी लागेल. त्यातली कोणती जमीन सौरपट्ट्यांखाली जाईल, कोणती धुळीची होईल आणि कोणती उत्तर-दक्षिण वस्त्या जोडणारी पट्टी म्हणून राखली जाईल, हे त्या खोऱ्यातल्या पाणी-मंडळांच्या आणि काउंटी कार्यालयांच्या बैठकांत सध्या ठरते आहे. आपल्या कित्येक घरांतली मुले-मुली आज कॅलिफोर्नियात मतदार आहेत आणि त्यांच्या मताने निवडून येणारी माणसे राज्याचे पैसे कुठे जायचे ते ठरवतात. त्या बैठकांची कामकाजपत्रे जाहीर असतात. ती कशी वाचायची हे लेखिकेने परिशिष्टात सांगितले आहे.